टेबलावरचा तांब्या

दस्तगीर गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्याच्याच प्रश्नाचं उत्तर लिहीत बसलो होतो. 'सन्माननीय सभासदांनी विचारल्यावरून कळविण्यात येते की' इतकं लिहून झालं होतं, आणि कचेरीचा शिपाई दारात येऊन नुसताच उभा राहिला. हा गडी एरवी तोंड मिटून उभा राहणाऱ्यातला नव्हे. मी मान वर न करता काय रे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "कल्हईवालं चाचा गेलं, साहेब. सकाळी, दुकानातच." मी टाक पुसला, दौतीचं झाकण लावलं, फेटा चढवला आणि निघालो... रंकाळ्याच्या वाटेला लागल्यावर माझ्या ध्यानात आलं की निदान वाक्य तरी पुरं करून उठायला हवं होतं. अर्ध्यावर सोडलेलं उत्तर त्याने कधीच चालवून घेतलं नसतं.

आम्ही दोघे एकाच तालमीतले. मोहरमात आमच्या तालमीत पिरांचे पंजे बसत, तेव्हा त्याच्या आईने केलेले गुळाचे चोंगे आधी माझ्या हातावर पडत आणि मग त्याच्या, यावरून तो लहानपणी माझ्यावर रुसून बसे. कुस्तीत तो माझ्यापेक्षा हलका, पण एकदा पट धरला की सोडायचा नाही. वस्ताद ओरडले तरी सोडायचा नाही. पुढे मी शिकून कचेरीत चिकटलो आणि वर चढत चढत शहरसभेचा चिटणीस झालो. त्याने वडिलांचं दुकान सांभाळलं. तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करायचं हे दुकान, नवसागराच्या धुराने कायम भरलेलं. त्या धुरात बसून तो वर्तमानपत्रं वाचायचा, आणि गिऱ्हाइकाला भांडं परत देताना शहराच्या कारभाराविषयी दोन शब्द ऐकवल्याखेरीज सोडायचा नाही. महाराजांच्या दरबाराने शहराचं पाणी, दिवे, रस्ते आणि गटारं यांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या सभेच्या हवाली केला, तेव्हा त्याच्या पिराच्या गल्लीने त्याला उभा केला आणि तो निवडून आला. त्या संध्याकाळी तो माझ्या घरी पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "बाळू, आता तू आनि मी समोरासमोर."

हे समोरासमोर म्हणजे काय ते वाचकांना सांगायला हवं. सभासदाने प्रश्न आधी लेखी द्यायचा. सभेच्या दिवशी त्याने जागेवर उभं राहून तो विचारायचा. चिटणीसाने कारभाराच्या वतीने उत्तर वाचायचं. मग सभासदाला एक पुरवणी प्रश्न विचारता येई, एकच. बहुतेक सभासद वर्षाकाठी एखादा प्रश्न विचारत, तोही मेहुण्याच्या दारातल्या दिव्याबद्दल. दस्तगीर प्रत्येक सभेला विचारी, आणि प्रत्येक सभेला तोच विचारी. कळंब्याच्या तळ्याच्या पाण्याचा नळ पिराच्या गल्लीत कधी येणार? मी उत्तर वाचे. योजना विचाराधीन आहे, मोजणी चालू आहे, ओव्हरसियरसाहेबांचा अभिप्राय मागवला आहे. ही उत्तरं मी रचत नव्हतो, वरून येत तशी वाचत होतो. मग तो उठून त्याचा ठरलेला पुरवणी प्रश्न टाकी. "व्हय, पर कधी?"

यावर सभेत हशा पिके. पहिली काही वर्षं तोही हसे. मग एकदा तो तांब्या घेऊन आला. त्याच्या गल्लीतल्या आडाचं पाणी भरलेला, पितळी, बुटका तांब्या. आतून स्वतः कल्हई केलेली, चांदीसारखी लखलखीत, त्यामुळे पाण्याचा हिरवा रंग लपायला जागाच नव्हती. कुणाला काही न बोलता त्याने तो अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला आणि खिडकीखालच्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसला. तेव्हापासून प्रत्येक सभेला तांब्या टेबलावर. अध्यक्षांनी एकदा नियमांचं पुस्तक मागवून पाहिलं, पण तांब्याबद्दल त्यात काहीच नव्हतं.

त्या वर्षी आडाचं पाणी पिण्यालायक असल्याचा अभिप्राय ओव्हरसियरसाहेबांनी लिहून दिला, आणि मी तो सभेत वाचला. दस्तगीर उठला. तांब्याकडे बोट केलं आणि म्हणाला, "मग प्या की." अध्यक्ष छताकडे बघायला लागले. माझा स्वभाव तापट आहे, हे घरात आणि कचेरीत सगळ्यांना ठाऊक आहे. मी टेबलाशी गेलो, तांब्या उचलला आणि उभ्या उभ्या अर्धा रिकामा केला. दोन दिवसांनी मी अंथरुणाला खिळलो. पोटाने असा काही दावा धरला की वैद्यांनी माझ्या मुलाला बाजूला घेऊन काहीबाही सांगितलं. दस्तगीर रोज दुकान बंद करून यायचा, उशाशी बसायचा आणि कुस्त्यांच्या गप्पा सांगायचा. नळाचा शब्द नाही. बरं वाटल्यावर मीच विषय काढला, तर म्हणाला, "मर्दा, तुला कुनी प्यायला सांगितलं हुतं?" मी म्हटलं, तूच की. "मी अध्यक्षास्नी सांगितलं हुतं," तो म्हणाला. "तुझं काम उत्तर द्यायचं." आणि डोळे पुसायला लागला.

पुढच्या सभेला त्याचा लेखी प्रश्न असा होता: चिटणीस बळवंतराव यांची प्रकृती कशी आहे, व ती कशाने बिघडली होती? तो त्याने जागेवर उभं राहून विचारला, आणि मला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावं लागलं. मी सांगितलं, प्रकृती ठीक आहे, प्रश्नाच्या दुसऱ्या भागाची माहिती गोळा करणं चालू आहे. त्या दिवशी तो जितका हसला तितका सभेत पुन्हा कधी हसला नाही. पण त्या उत्तराची गोष्ट दरबारापर्यंत गेली, आणि परिणाम असा झाला की नळ मंजूर झाला आणि गल्लीच्या तोंडापर्यंत आलासुद्धा. तोंडापर्यंतच. कोपऱ्यावरच्या घरांना पाणी मिळालं, त्यातलं एक घर दुसऱ्या एका सभासदाचं होतं, आणि काम तिथे थांबलं. आत पिराजवळच्या बायका तशाच आडावर.

प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं काय होतं ते मी जवळून पाहिलं. आधी लोक त्याची थट्टा करत, मग त्याला टाळायला लागले. खिडकीखालच्या खुर्चीशेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली, कारण त्याच्याशेजारी बसलं की अध्यक्षांच्या नजरेत येतं. मोठ्या घरांतली लग्नाची भांडी कल्हईसाठी त्याच्याकडे येत, ती दुसरीकडे जायला लागली. त्याच्या गल्लीतलेही काहीजण म्हणू लागले की चाचा तोंड मिटून बसले असते तर नळ केव्हाच आला असता. हे त्याला फार लागलं. ते त्याने मला सांगितलं नाही, त्याच्या बायकोने, हलीमाभाभींनी सांगितलं. आमचा एक ठराव होता. सभा सुटली की गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर जायचं, म्हशीचं धारोष्ण दूध प्यायचं आणि सभेचं अक्षर काढायचं नाही. तिथे तो मला अरेतुरे करायचा, सभेत मात्र 'चिटणीससाहेब'. ओठांवरच्या फेसाच्या मिशा पुसत तो गेल्या पिढीतल्या मल्लांचे डाव हातवारे करून दाखवायचा, आणि गवळी धार काढायची थांबवून ऐकत बसायचा. शेवटच्या वर्षी तो बोलायचा कमी. एकदा ग्लास खाली ठेवून म्हणाला, "बाळू, मी उठलो की सगळी खाली बघत्यात. तू तेवढा माझ्याकडं बघतोस." मी म्हटलं, मला बघावंच लागतं, मी चिटणीस आहे.

दफनाला गल्ली लोटली होती. सभेतून आलो आम्ही तिघेच, त्यात एक शिपाई.

पाचसहा दिवसांनी सभा भरली. मी ते अर्धं राहिलेलं उत्तर पुरं करून नेलं होतं. ते साधंसुधं उत्तर नव्हतं. वरून उरलेल्या कामाची मंजुरी आली होती, लोखंडी नळ कोपऱ्यावर येऊन पडले होते, आणि काम आषाढ लागायच्या आत पुरं होईल असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच उत्तरात 'कधी' होतं. त्याच्या नावाचा पुकारा झाला. अध्यक्षांनी खिडकीकडे पाहिलं, दोन मिनिटं उभं राहून दुखवटा झाला, आणि मग ते म्हणाले की सभासद हजर नसल्याने प्रश्न रद्द. नियम तसाच आहे. दुसऱ्या कुणा सभासदाने तो आपला म्हणून विचारला तर चालतो. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळे खाली बघत होते. आणि जे उत्तर सभेत वाचलं गेलं नाही, ते दिलंच नाही असं आमच्याकडे धरतात. मी कागदाची घडी घातली.

त्या संध्याकाळी सवयीने गंगावेशीत गेलो. गवळ्याने विचारलं, "मालक, आज एकलंच?" मी दूध न पिताच परतलो. दुसऱ्या आठवड्यात पिराच्या गल्लीवरून गेलो तर कोपऱ्यावरचे नळ बैलगाड्यांत चढवणं चाललं होतं. कुठे नेता म्हणून विचारलं, तर गाडीवानाने एका सभासदाच्या नव्या बागेचं नाव सांगितलं. तिथूनच मी भाभींकडे गेलो. त्यांनी चहा केला, त्याच आडाच्या पाण्याचा. मी तांब्या मागितला. त्यांनी कोनाड्यातून काढून दिला, पदराने पुसला आणि विचारलं, "आता ह्यो कुनाच्या कामाचा, भावजी?"

परवा सभा झाली. चिटणीसाने प्रश्न विचारू नये असा नियम आहे, आणि तो मी नोकरीत कधी मोडला नाही, परवाही मोडला नाही. मी सर्वांच्या आधी गेलो आणि आडाचं पाणी भरलेला तांब्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवून आपल्या जागी बसलो. अध्यक्ष आले. त्यांनी तांब्या पाहिला, माझ्याकडे पाहिलं, आणि कामाला सुरुवात केली. रस्त्याचा विषय झाला, दिव्यांचा झाला. त्यांची नजर पुन्हा पुन्हा टेबलाकडे जात होती. शेवटी ते म्हणाले, "हे काय आहे, चिटणीस?" मी म्हटलं, पाणी. त्यांनी तांब्या बोटाने जरा बाजूला सारला. मग हळूच, जणू कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने, त्यांनी विचारलं, "कुठलं?"

प्रश्न विचारला गेला होता, आणि उत्तर देणं माझं काम. मी उठलो, खिशातला कागद उलगडला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचला, आषाढासकट. कारकुनाने ते सभेच्या कामकाजात लिहून घेतलं. आता बागेत नेलेले ते नळ तिथेच ठेवायचे तर कुणाला तरी सही करून ठेवावे लागतील. उत्तर संपल्यावर मी तसाच उभा राहिलो, खिडकीकडे तोंड करून. इतक्या वर्षांची सवय. अध्यक्ष म्हणाले, "बसा, चिटणीस. झालं." तेव्हा बसलो.

हे छापून आल्यावर मला कुणी काही विचारलं तर मी सांगेन, विचारणाऱ्याला उत्तर देण्यातच माझा जन्म गेला. तांब्या सध्या माझ्या घरी आहे. नळ गल्लीत येईपर्यंत तो प्रत्येक सभेला न्यायचा, असं मी ठरवलं आहे. काल घासताना पाहिलं तर तळाशी कल्हई उडून आतलं पितळ दिसायला लागलंय. पुन्हा करून घ्यायला हवी... पण तो कुणाच्या दुकानात न्यावा, ते काही मला कळत नाही.