पाचव्या काकीचा मातीचा नवरा

पाचवी काकी शिव्या द्यायला लागली की आमच्या वाडीतली कुत्रीसुद्धा बांधाआड जातात. लोक म्हणतात, बाईच्या जिभेला हाड नाही. मी म्हणतो, जिभेशिवाय त्या बाईच्या हातात दुसरं ठेवलंय काय तुम्ही?

आमच्याकडे माणसाला घरातल्या नंबराने हाक मारतात. माझा काका त्रुक घरातला पाचवा, म्हणून त्याची बायको पाचवी काकी. तिचं खरं नाव खुएन, हे मला सरकारी कागदावर वाचून कळलं. त्या कागदाबद्दलच मला बोलायचंय. तो आठवला की अजून माझं डोकं भणभणतं.

व्हिएतनामच्या नकाशात आमचं बेट शोधायला जाल तर माशीने घाण केल्यासारखा एक ठिपका सापडेल. विझलेल्या ज्वालामुखींच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याला तांबडी माती, सभोवती पोवळ्याचा खडक, आणि माणसं गरजेपेक्षा जास्त. भात इथे होत नाही. होतो तो लसूण, आणि तोही फुकट होत नाही. तांबडी माती चोपून घट्ट करायची, वर खत आणि समुद्रातलं शेवाळ, आणि त्यावर चार बोटं पांढरी वाळू. ही वाळू म्हणजे पोवळ्याचा चुरा. तिच्यात लसूण तहानत नाही आणि कुजतही नाही. एका हंगामात ती मळते, म्हणून दरवर्षी वरचा थर खरवडायचा आणि नवी टाकायची. आमचे आजे ती किनाऱ्यावरून टोपल्यांनी आणत. आता पंप लावलेल्या बोटी समुद्राच्या तळातून ओढतात, आणि धक्क्यावरून शेतापर्यंत ती माझा ट्रॅक्टर नेतो. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे कोणी म्हणायला नको की हा स्वतःला धुतल्या तांदळासारखा समजतो.

काकी समोरच्या छोट्या बेटावरची. लग्न होऊन आली तेव्हा वीस वर्षांची होती आणि आमच्या आजीला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "सासूबाई, तुमच्या माशाच्या पेजेत मीठ नाही की तुमच्या मनात?" आजीने तिला त्या दिवसापासून घाबरायला सुरुवात केली. त्रुक काका हसत बसायचा. तो पाणबुड्या होता; दूरच्या खडकांवर जाऊन समुद्रकाकड्या, म्हणजे तळाशी लोळणारे ते महागडे जीव, काढायचा. एका वर्षी दहाव्या महिन्यात त्याची बोट वादळात सापडली. अकरा माणसं गेली. एकाचंही प्रेत मिळालं नाही. काकी तेव्हा एकोणतीस वर्षांची होती, पदरात दोन मुली.

प्रेत नसलं तरी माणूस आमच्यात तसाच सोडत नाहीत. टेकडीच्या पोटातली चिकणमाती आणतात, तिचा माणूस घडवतात, नाक-डोळे, हात-पाय, सगळं अंग, त्याला नाव देतात, कपडे घालतात आणि रडून पुरतात. त्याला वाऱ्याचं थडगं म्हणतात. आमच्या किनाऱ्यावर केवड्याच्या बनामागे अशा थडग्यांची रांग आहे, सगळी समुद्राकडे तोंड करून. म्हणजे होती.

काकीने मुली वाढवल्या. उन्हाळ्यात कंबरभर पाण्यात उभी राहून खडकावरचं शेवाळ काढलं, हिवाळ्यात चटईएवढ्या दोन वाफ्यांत लसूण केला. मुली सायगॉनला शिवणाच्या कारखान्यात गेल्या आणि तिथेच राहिल्या. काकी मात्र दर पुण्यतिथीला भाजलेला मासा आणि लसणाच्या कोवळ्या पातीची कोशिंबीर घेऊन काकाच्या थडग्यावर जायची आणि त्याला झाडायची. "आडवा पडून राहा तू आरामात. घराचं छप्पर गळतंय, ते कोण बघणार? तुझा बाप?" मग कोशिंबीर स्वतःच खाऊन परत यायची. तिच्याशी त्या दिवशी कोणी बोलायला जात नसे.

दहा-बारा वर्षांपासून किनारा मागे सरकायला लागला. तळातली वाळू उपसली की काठावरची घसरून खाली जाणारच. हे लहान मुलालाही कळतं, वाळूत खड्डा खणून बघा. पण कळून घ्यायचं नव्हतं, मलाही. आधी केवड्याचं बन आडवं झालं. मग दोन वर्षांपूर्वीच्या वादळात रांगेतली कडेची चार थडगी गेली. काकाचं आता काठापासून सात पावलांवर आलं. काकी रोज जाऊन पावलं मोजायची. सातची सहा झाली, सहाची पाच.

पाच झाली त्या दिवशी होनची बोट किनाऱ्याच्या अगदी जवळ पंप लावून उभी होती. होन वाळूचा धंदा करतो. काकाच्या वयाचा, एके काळी त्याच्याबरोबर बुड्या मारलेला. काकी गुडघाभर पाण्यात शिरली आणि तिने दगड भिरकावायला सुरुवात केली.

"अरे मेल्या होन, तुझ्या दोस्ताच्या अंगाखालची गादी ओढतोयस! लाज विकून पंप घेतलास काय?"

होन वरून ओरडला, "वहिनी, दगड मारा, पण नेम नीट धरा, पंप फुटेल! आणि एक सांगा, तुमच्या वाफ्यात पसरलीय ती वाळू कुठून आली? आभाळातून पडली?"

बोटीवरचे लोक हसले. काकीच्या हातातला दगड हातातच राहिला. मी काठावर ट्रॅक्टरजवळ उभा होतो, आणि ती वळून माझ्याकडे बघू लागली. मी नांगी टाकली. खाली मान घालून टायरची हवा बघत बसलो. गेल्या वर्षी तिच्या शेतात दोन खेपा मीच टाकल्या होत्या, आणि ती म्हणाली होती, "या वेळची वाळू चांगली पांढरी आहे रे." कुंपणानेच शेत खाल्लं, आणि कुंपण म्हणजे आम्हीच सगळे.

पुढच्याच महिन्यात नोटीस लागली. किनाऱ्यावर काँक्रीटचा बंधारा होणार, थडगी हलवायची, टेकडीवर नव्या दफनभूमीत प्रत्येकाला जागा मिळणार. वाळू उपसणं बंद, असं त्यात कुठे नव्हतं. समुद्र आत का येतोय हे विचारायचं नाही, आला की भिंत बांधायची. घर जळताना विहिरीला कठडा घालावा तशी ही अक्कल. तरी काकी खूश झाली. "चला, वर तरी कोरडा राहील," म्हणाली आणि नाव नोंदवायला मला घेऊन कचेरीत गेली.

टेबलामागे त्वान होता. आमच्याच वाडीतला, तिशीचा, शर्टाची इस्त्री कधी न मोडणारा. त्याने यादी चाळली, फॉर्म काढला, आणि पेन मध्येच थांबलं.

"काकी, एक रकाना आहे. अवशेष. म्हणजे आत हाडं वगैरे काही आहे का?"

"तुला माहीत नाही आत काय आहे?"

"मला माहीत आहे हो. पण कागदाला माहीत नाही ना. नियम असा आहे, ज्या थडग्यात अवशेष असतील त्यांनाच वर जागा. जागा कमी आहे. बाकीचं…" तो अडखळला. "बाकीचं बांधकाम म्हणून धरलंय."

"बांधकाम?"

"म्हणजे चौथरा, कुंपण, तसं. ते पाडताना तुम्हाला हजर राहता येईल."

मला वाटलं काकी आता टेबल उलथवणार. तिने उलथवलं नाही. ती पुढे वाकून म्हणाली, "त्वान, तुझा आजोबा रांगेत तिसरा आहे. माझ्या नवऱ्याच्याच बोटीवर होता. त्याचं काय लिहिलंस?"

त्वानने यादीवर हात ठेवला.

"खोडलंस? स्वतःच्या हाताने?"

"नियम सगळ्यांना सारखा आहे, काकी."

"वा रे पठ्ठ्या. आजोबाला बांधकाम करून टाकलंस आणि इस्त्री मोडली नाही." ती उठली. "रकाना रिकामा ठेव. मी येते."

मला राग येतो तो त्या नियमाचा कमी, आणि तो ज्या थंडपणे लिहिला जातो त्याचा जास्त. समुद्राने माणूस नेला, तेव्हा प्रेत आणून दिलं नाही हा आता त्या माणसाचाच गुन्हा झाला. मी ट्रॅक्टर चालवत बडबडत होतो. काकी मागच्या ट्रॉलीत बसून गप्प होती. तिची इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर तिने मला फावडं घेऊन बोलावलं. मातीची माणसं घडवणारा म्हातारा तिथे आधीच येऊन बसला होता, हातात उदबत्त्या. काकाला तीस वर्षांपूर्वी त्यानेच घडवला होता. तो कुरकुरत होता की मुहूर्त नाही, काही नाही. काकी म्हणाली, "पाणी काय मुहूर्त बघून येतंय? तू मंत्र म्हण, हा खणेल."

मी खणलं. ओंजळीने उपसावी इतकी वाळू सैल होती, आणि खाली ओल लागली. पाणी आधीच पोचलं होतं. काका तिथे नव्हता. आत होता तांबडा चिखल, त्यात सडलेल्या सदऱ्याच्या चिंध्या, आणि बोटभर जाडीच्या काळ्या पडलेल्या काड्या. मला काही समजेना. म्हातारा खाली उतरला आणि एकेक उचलून काकीच्या ओच्यात ठेवायला लागला. "तुतीच्या फांद्या. हाडं म्हणून तुतीच घालतात. ही मांडीची. ही दंडाची. या बरगड्या. पुरुषाला सात लागतात, मीच मोजून घातल्या होत्या."

सातपैकी पाच मिळाल्या. दोन शोधत काकी अर्धा तास गुडघ्यावर बसून चिखल चाळत राहिली. रडत होती का ते मला दिसलं नाही, मी पलीकडे होनच्या बोटीकडे बघत होतो. पंप चालूच होता. कोणीतरी तिकडून हात केला, मी केला नाही.

तिने काड्या गोड्या पाण्याने धुतल्या, काकाचा जुना रुमाल होता त्यात बांधल्या आणि चिखलाने भरलेल्या कपड्यांनीच कचेरीत गेली. रांगेत सात-आठ माणसं होती. तिला कोणी अडवलं नाही. तिने रुमाल टेबलावर सोडला.

"हाडं," ती म्हणाली. "मोज."

त्वानने वर बघितलं. त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीला काकीच्या कपड्यांचा चिखल लागला होता आणि त्याचं तिकडे लक्ष नव्हतं.  खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं या काड्या काय आहेत, कारण बेटावर असं एक घर नाही जिथलं कोणी त्या रांगेत झोपलेलं नाही.

"काकी, ह्या…"

"मोज म्हणते ना. तुझ्या आजोबाला आणि याला एकाच म्हाताऱ्याने घडवलंय, एकाच झाडाच्या फांद्या घालून. ही लाकडं असतील तर तोही लाकडंच. तसं तोंडाने बोल, मी जाते."

त्याने मोजायला सुरुवात केली. बोटाने एकेक बाजूला सारत, आवाज न करता. मग दुसऱ्यांदा मोजलं. मग फॉर्म ओढून 'अवशेष' या रकान्यात लिहिलं, आहेत. खाली संख्या लिहिली. यादी उघडून खोडलेल्या एका नावावर तो थोडा वेळ बोट ठेवून बसला, आणि त्याच्यापुढेही तेच लिहिलं. रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "माझा भाऊ थडग्यांच्या रांगेत सहावा आहे." त्वान म्हणाला, "सांगा."

त्या दिवशी रांगेतली सगळी थडगी यादीत गेली. गावभर काकीचं नाव झालं. धक्क्यावर होनसुद्धा म्हणाला, "बाई वाघीण आहे हो." मला वाटलं काकी फुशारकी मारेल, चार जणांना तोडून बोलेल. घरी परतताना ती माझ्या ट्रॅक्टरवर रुमाल मांडीवर घेऊन बसली होती.

"लुओम," ती म्हणाली, "माझी वाळू कधी आहे?"

"उद्या. दोन खेपा. होनने बाजूला काढून ठेवलीय."

"टाकू नकोस."

"काकी, जुनी वाळू मेलीय. तिच्यात लसूण धरणार नाही."

"नाही धरणार."

"मग?"

"मग नाही धरणार. तू ट्रॅक्टर बघून चालव."

त्या वर्षी काकीच्या वाफ्यात लसूण आला तो वाटाण्याएवढा. बाजारात कोणी विचारला नाही. मुलींनी सायगॉनहून फोन करून तिला वेडी म्हटलं. बेटावरच्या दुसऱ्या एकाही माणसाने वाळू थांबवली नाही. टेकडीवर म्हाताऱ्याने काकाला नव्याने घडवला आणि आम्ही सगळे हात जोडून उभे होतो, आणि खाली पंपाचा आवाज तिथपर्यंत येत होता.

आणि मी? तिने नको म्हटलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या नावाची वाळू धक्क्यावर तयार होती. ती मी भरली आणि तिच्या शेजारच्या शेतात नेऊन ओतली. काकी बांधावर उभी राहून बघत होती. तिने मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं.