खाते माझे, नंबर त्याचा

त्याच्या पुस्तकातली पहिली बातमी मी लिहिलेली आहे, असे पुस्तक हातात आले त्या दिवसापासून मी धरून चालले होते.

तो आणि मी एकेकाळी एकाच जिल्हा दैनिकाचे वार्ताहर होतो. मी श्रीरामपूरला होते. तो पाथर्डीकडचा, त्याच्या भागातली माणसे ऊसतोडणीला आमच्याकडे यायची, त्यांच्यामागे हंगामभर तोही यायचा. पुढे तो पुण्याला गेला, वाहिन्यांवरच्या चर्चांत दिसू लागला. मी श्रीरामपुरातच राहिले. यंदा त्याच्या निवडक बातम्यांचे पुस्तक निघाले आणि संगमनेरच्या एका महाविद्यालयाने त्याचा सत्कार ठेवला. जुनी सहकारी म्हणून मी दोन शब्द बोलावेत, असा मला निरोप आला. निरोप सोमवारी आला, सत्कार रविवारी होता.

ती बातमी साखर कारखान्यालगतच्या कोप्यांची, म्हणजे तोडणी कामगारांच्या पाचटाच्या झोपड्यांची. तिथे शाळा मंजूर होती, शिक्षक आला नव्हता. एका कामगाराची सातवी शिकलेली मुलगी बाकीच्या मुलांना शिकवत होती. बातमीची सुरुवात अशी: ‘कोपीला दार नव्हते. दाराच्या जागी एक पाटी टांगली होती आणि पाटीवर उद्याचा अभ्यास लिहिला होता.’

हे वाक्य मला पुस्तक उघडण्याआधीपासून पाठ होते. आपण न लिहिलेले वाक्य इतक्या वर्षांनी शब्दन् शब्द आठवत नाही, असे माझे म्हणणे. परीक्षण लिहिणारा प्रत्येक जण तेच वाक्य उचलत होता. रविवारी मंचावरून मी ते कोणाचे आहे ते सांगणार होते. भाषणाचा कागद तयार होता. फक्त पुरावा हवा होता, आणि तो माझ्या जुन्या ईमेलमध्ये होता.

त्या ईमेलचा पासवर्ड मी दहा-बारा वर्षांत एकदाही टाकला नव्हता. घरच्या संगणकावर खाते आपोआप उघडायचे. उन्हाळ्यात तो बंद पडला, दुरुस्तीवाल्याने तो पार पुसून परत दिला, आणि आता खाते पासवर्ड मागत होते. मी मुलीचे जन्मवर्ष टाकून पाहिले, तालुक्याचे नाव, पहिल्या स्कूटरचा क्रमांक. स्कूटरच्या क्रमांकावर पडद्याने सांगितले की हा पासवर्ड बारा वर्षांपूर्वी बदललेला आहे. नवा कोणता ठेवला, ते त्यालाही सांगता येत नव्हते.

‘पासवर्ड विसरलात?’ दाबल्यावर एक नंबर आला. आठ ठिपके आणि शेवटचे दोन अंक. त्यावर कोड पाठवू का, अशी विचारणा होती. अंक पाहिले आणि नंबर कोणाचा ते कळले. तो माझा नव्हता, त्याचा होता.

खाते उघडले तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता. घरी फोन होता, तो सासऱ्यांच्या खोलीत. त्याच्याकडे भावाने दिलेला मोबाईल होता, पण ईमेल नव्हती. स्टँडजवळच्या सायबर कॅफेत आम्ही माझ्या नावाने खाते उघडले, नंबर त्याचा दिला, आणि दोघेही त्याच खात्यावरून बातम्या पाठवू लागलो. प्रत्येक बातमीखाली ज्याचे त्याचे आद्याक्षर असायचे. नंबर बदलावा, असे पुढे मला कधी सुचले नाही. या वर्षांत मी स्वतःचे तीन नंबर बदलले. त्याचा मात्र तोच होता. त्याच्या बाबतीत कसलीच मोडतोड होत नाही, असे मला तेव्हा वाटले.

दोन दिवस मी दुसरा मार्ग शोधला. तो नव्हता. गुरुवारी दुपारी फोन केला.

‘ताई, लई दिवसांनी,’ तो म्हणाला. वाहिनीवर तो वेगळे बोलतो. माझ्याशी बोलताना पाथर्डीचाच होतो, आणि तेही मला सलते.

मी काम सांगितले. तो हसला. ‘म्हंजे तुमच्या घराची किल्ली इतकी वर्षं माझ्याच खिशात व्हती. आधी सांगितलं असतं तर आतलं वाचून तरी घेतलं असतं.’

‘वाचण्यासारखं काही नाही,’ मी म्हणाले.

पहिला कोड आला तेव्हा तो सायबर कॅफेतल्या पंख्याची आठवण सांगत होता. तेवढ्यात कोडची मुदत गेली. दुसऱ्यांदा मी त्याला आधी कोड वाचायला लावला. सहा आकडे त्याने सावकाश, दोनदा सांगितले. मग विचारले, ‘शोधताय काय?’

‘जुने फोटो.’

‘माझ्या जुन्या बातम्या दिसल्या तर धाडा. माझ्याकडं फक्त वह्या राहिल्यात. पुस्तक त्या वह्यांवरनंच केलं.’

मी बघते म्हणाले आणि फोन ठेवला. नवा पासवर्ड ठेवला, कागदावर लिहिला, आणि पाठवलेल्या मेलमध्ये ‘कोपी’ शोधले.

एकाच दुपारी अर्ध्या तासाच्या अंतराने गेलेल्या दोन बातम्या निघाल्या. पहिलीखाली माझे आद्याक्षर. तिच्यात मंजुरीची तारीख होती, शिक्षणाधिकाऱ्यांचे म्हणणे होते, कारखान्याचा खुलासा होता. पाटी नव्हती. पाटी दुसऱ्या बातमीत होती, आणि तिच्याखाली त्याचे आद्याक्षर होते.

तेव्हा मला बाकीचे आठवले. त्या दिवशी आम्ही वस्तीवर बरोबर गेलो होतो. तो कोप्यांकडे गेला. मी कारखान्याच्या कार्यालयात शेतकी अधिकाऱ्याचा खुलासा उतरवून घेत बसले. मराठी टायपिंग त्याला येत नव्हते. मी ते क्लासला जाऊन शिकले होते. तो वही धरून वाचायचा, मी टाइप करायचे. ते वाक्य मला पाठ होते, कारण ते माझ्या बोटांखालून गेले होते.

त्याखाली दैनिकाच्या नगरच्या संपादकीय डेस्कचे उत्तरही होते. माझी बातमी पहिल्या पानावर घेत आहोत. दुसरीत बातमी नाही, ती वगळली आहे. ते उत्तर त्याला मी दाखवलेच असणार. तो काय म्हणाला ते मला आठवत नाही.

मी त्याची बातमी तीनदा वाचली. ती तेव्हाही चांगली होती. इतके दिवस माझ्या मत्सराला तक्रारीचा आधार होता. माझे काहीतरी गेले आहे, असे म्हणता येत होते. आता गेलेले काहीच नव्हते, आणि मत्सर होता तेवढाच होता.

वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. मेलमध्ये मुले सत्तावीस होती. पुस्तकात एकतीस आहेत. वहीत त्याने एकतीस लिहिले होते. टाइप करताना मी कार्यालयातल्या यादीशी ताडून सत्तावीस केले होते. पुस्तकात त्याची चूक परत आली होती.

रविवारी संगमनेरला गेले. भाषणाच्या कागदावरचा तो परिच्छेद खोडला होता. मी इतकेच म्हणाले की पुस्तकातली पहिली बातमी मी टाइप केली होती. लोकांनी तो विनय समजून टाळ्या वाजवल्या. उत्तरादाखल बोलताना त्याने सांगितले की टाइप करताना ताई चुकाही काढायच्या, आणि तेव्हा त्याला राग यायचा. लोक हसले.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. ‘फोटो घावले का?’

‘घावले,’ मी म्हणाले.

‘आन बातम्या?’

‘अजून पाहिल्या नाहीत.’

दुसरी आवृत्ती काढतोय, काही चुकलेले दिसले तर आत्ताच सांगा, असे तो म्हणाला. मी बघून सांगते म्हणाले. घरी आल्यावर खाते उघडले. आत गेल्या गेल्या पडद्याने विचारले, हा नंबर अजून तुमचाच आहे का? मी तो काढला आणि माझा टाकला.

सत्तावीस मुलांची ती मेल मी त्याला अजून पाठवलेली नाही.