सगळ्यांसाठी एकच चौकोन

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सांगलीत एका लहानशा संगणक कंपनीत होतो. माजी सैनिकांच्या नोकरीसाठी नोंदणीची वेबसाइट आम्ही बनवत होतो. अख्खं पान एकदम लिहायचं नाही, त्याचे तुकडे करायचे, ही पद्धत तेव्हा नवी होती. नावाचा चौकोन एकदा तयार केला की तो हव्या त्या पानावर बसवायचा, आणि त्यात काय भरलंय ते सर्व्हरने लक्षात ठेवायचं. खरं तर दर माणसाला वेगळा चौकोन द्यायला हवा होता. पण मशीनची मेमरी तोकडी, म्हणून मी सगळ्यांसाठी एकच ठेवला. घरात माठावर एकच तांब्या असतो, तसा. एकट्याने तपासलं तेव्हा सगळं झकास चाललं आणि मी स्वतःवर भलताच खूश झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

त्या दिवसांत माझी ताई माहेरी होती. दाजी फौजेतून निवृत्त होऊन गावी, कुंडलला आले आणि दोन महिन्यांत घरातून निघून गेले. वर्ष होत आलं होतं. पत्र नाही, निरोप नाही. सासू म्हणायची, गेला असंल नदीत. कुंकू लावताना ताईचा हात थांबायचा, ते मला बघवायचं नाही.

साताऱ्यात नोंदणीसाठी मांडलेल्या टेबलावरच्या संगणकाशी फोनवरून जोडणी झाली त्या दुपारी मी तिला ऑफिसात नेलं. घरात झुरत बसण्यापेक्षा बरं, आणि सातवी शिकलेल्या बाईला जमलं तर सगळ्यांना जमेल, असा माझा हिशोब. तिने बटण दाबलं. पान उघडलं, आणि नावाच्या चौकोनात दाजींचं नाव होतं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

ताईने हात मागे घेतला. "म्या कायबी केलं न्हाई रं. ह्याला कसं कळलं, मी कुनाची?"

माझ्या अंगावर काटा आला. तिच्या मनातलं मशीन वाचतंय, असंच क्षणभर वाटलं. मग माझी चूक ध्यानात आली, तरी काटा गेला नाही. चौकोन एकच होता; एकाने भरलेलं दुसऱ्यालाही दिसत होतं. म्हणजे हे नाव आत्ता साताऱ्यात कुणीतरी भरत होतं.

"ताई, दाजी जिवंत आहेत. साताऱ्यात बसलेत."

ती रडली नाही. "फुडं काय लिवलंय?"

मी पुढचं पान उघडलं. पत्नीच्या नावाच्या जागी एकच शब्द होता: मयत.

संतापाने मी फोनकडे धावलो. तिने माझं मनगट धरलं. "थांब. मी हितं लिवलं तर तितं दिसंल?"

"त्यांनी पुढचं पान उघडलं की दिसेल."

कळांवर चिकटवलेली मराठी अक्षरं शोधत, एका बोटाने, तिने तो शब्द पुसून आपलं पूर्ण नाव लिहिलं. मध्ये नवऱ्याचं नाव आलं. उखाण्याखेरीज ते तिच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. मग तिने बटण दाबलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. साताऱ्याच्या टेबलावरची मुलगी होती.

"सर, पान बिघडलंय. हितल्या मान्सानं बायको मयत लिवलं हुतं, आन् शेवटच्या पानावर बाईचं नावच आलं. कुनी लिवलं म्हनून इचारलं त्यांनी. म्हटलं, कुनीच न्हाई."

"मग?"

"उठून गेले सर. चपलाबी हितंच हायत."

मी ताईला सगळं सांगितलं. ती पडद्याकडेच बघत होती.

"मी मेले म्हनून लिवताना त्ये न्हाई भ्याले," ती म्हणाली. "जित्ती हाय म्हनून भ्याले." आणि मग रडली.