गळाचं टोक

२०२३ साल, मी एकाहत्तरचा. परदेशात, स्वोर्ड्स गावी लेकाकडे होतो. तिथल्या खाडीवर एक गोरा म्हातारा रोज बास मासा धरायला यायचा. पाऊस आला, 'ग्रँड', म्हणजे झकास. मासा सुटला, तरी ग्रँड. रबरी गांडुळाला तो वाकड्या मानेचा गळ लावी आणि टोक गांडुळातच लपवी.

"अरे बाबा, टोक लपवलंस तर मासा अडकेल कसा? माझा जन्म गेलाय गळ टाकण्यात!" एका संध्याकाळी मी मराठीतच सुनावलं.

"ग्रँड!"

मी माझ्या गळाचं टोक उघडं ठेवून तो पाण्यात टाकला. दर खेपेला टोकाला शेवाळच अडकलं. काठावरची माणसं हसायला लागली, माझं तोंड पडलं. तेव्हा त्यानं आपल्याही गळाचं टोक बाहेर काढलं आणि संध्याकाळभर माझ्यासोबत शेवाळ ओढत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्याआधी खाडीवर गेलो आणि टोक गांडुळात लपवून त्याची वाट बघत उभा राहिलो.