चौथ्या मजल्यावरची फुली

"जिने चढता येतात का?"

प्रचाराला मदत करायला जो कोणी येई, त्याला काका हा एकच प्रश्न विचारायचे. विचारताना त्यांची नजर समोरच्याच्या चेहऱ्यावर नसायची, पायांवर असायची. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पायात उंच टाचांच्या सँडल होत्या. काकांनी त्यांच्याकडे इतका वेळ पाहिलं, की दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने साध्या चपला घालून गेले.

निवडणूक महापालिकेची होती. आमच्या विश्रांतवाडीतून एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. गल्लीच्या पाण्यासाठी या बाई पाच वर्षं कचेऱ्यांत खेटे घालत होत्या, म्हणून त्यांच्यासाठी काहीतरी करावं असं मला मनापासून वाटत होतं. मी खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत. प्रचार म्हणजे मोबाइलवर पोस्ट टाकायच्या आणि सभेत पहिल्या रांगेत बसायचं, अशी माझी समजूत.

"मी सोशल मीडिया बघू शकते," मी ऐटीत म्हटलं.

"ते बघायला अकरा जण आहेत. जिने बघायला मी एकटा," काका म्हणाले आणि माझ्या हातात मतदारयादीचा गठ्ठा आणि शिसपेन्सिल ठेवली.

काका निवृत्त पोस्टमन. उभा जन्म जिने चढण्यात गेलेला. प्रत्येक वस्तीत असा एक माणूस असतोच, तुम्हीही पाहिला असेल. फ्लेक्सवर त्याचा फोटो नसतो, पण कुठल्या घरातली मुलगी लग्न होऊन गेली आणि कोण भाडेकरू नवा आला, हे त्यालाच माहीत असतं. बेल वाजवण्याआधी काका दाराबाहेरच्या चपला बघायचे. यादीत नावं दोन आणि दारात चपला पाच जणांच्या असल्या, की उरलेल्या तिघांची नावं कुठल्या यादीत आहेत ते शोधायचं. घरातल्यांशी बोलून नावापुढे पेन्सिलीने खूण करायची. आपलं मत असेल तर बरोबरची, नक्की नसेल तर गोल, समोरच्या पक्षाचं असेल तर फुली.

वाद मात्र कुणाशीही घालायचा नाही. एकदा एका गृहस्थांनी आम्हाला दारात उभं करून देशाच्या राजकारणावर अर्धा तास भाषण झाडलं. काका मान डोलवत राहिले. शेवटी म्हणाले, "आपलं झालं असेल तर थोडं पाणी मिळेल का?" पाणी पिऊन, आभार मानून, खाली आल्यावर त्यांनी शांतपणे फुली मारली.

दुसरा नियम, खालून हाका मारायच्या नाहीत. "माणसाचं मत हवंय ना? मग वर जा," असं म्हणत आणि स्वतः पुढे होत.

असंच एका लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आम्हाला एक आजी भेटल्या. दारात एकच चपलांचा जोड, तोही धूळ बसलेला.

"मी तुमच्या बाईंना मत देणार नाही हं, आधीच सांगते," आजी म्हणाल्या.

"चालेल. ही तुमची चिठ्ठी. केंद्र समोरच्याच शाळेत आहे."

"शाळा दिसते हो मला खिडकीतून. उतरायचं कसं? आमच्या पक्षाची मुलं खालूनच ओरडून जातात. मागच्या वेळचं मत राहिलं माझं."

काकांनी पेन्सिल कानावर ठेवली. "मतदानाच्या दिवशी मी न्यायला येतो."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलले असतील.

मतदानाच्या दिवशी दुपारनंतर लढत अटीतटीची आहे हे सगळ्यांना कळलं. बाई स्वतः आमच्या टेबलापाशी आल्या. यादीवर बोट ठेवून म्हणाल्या, "काका, हे शेजारच्या इमारतीतलं म्हातारं जोडपं अजून यायचंय. आपली हक्काची मतं. आधी त्यांना आणा." साडेपाचला शाळेचं दार बंद होणार होतं. पाच वाजायला आले होते.

काका उठले, स्वतःच्या घरून हातांची लाकडी खुर्ची घेऊन आले आणि आजींच्या इमारतीकडे वळले. मी मागे धावले.

"काका, अहो तिथं फुली आहे! जोडपं तिकडे आहे."

"फुली मताला आहे. आजींना नाही."

"आणि आपण हरलो तर?"

"त्यांना मी येतो म्हणालोय. जोडप्याला एकमेकांचा हात तरी आहे," ते म्हणाले आणि जिना चढू लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. तरी गेले. सत्तरीला आलेला माणूस एकटाच खुर्ची उचलणार, हे बघवलं नसतं.

एक बाजू त्यांनी धरली, एक मी. "प्रत्येक मजल्यावर थांबायचं," काकांनी बजावलं. "घाई आपली आहे, आजींची नाही." दुसऱ्या मजल्यावर वळताना माझा हात सुटला, खुर्ची भिंतीवर आपटली आणि तिच्या लाकडी हाताला चीर गेली. आजी अजिबात घाबरल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "तुमच्या बाई पडल्या तर मला शिव्या घालू नका हं."

आजी साडेपाचच्या आत शाळेत पोचल्या. आम्ही तसेच शेजारच्या इमारतीत पळालो. ते जोडपं दार उघडं टाकून, चपला घालून, चिठ्ठ्या हातात धरून बसलं होतं. कुणीतरी न्यायला येईल म्हणून. त्यांना खाली आणेपर्यंत शाळेचं दार लागलं.

बाई हरल्या. अगदी थोडक्यात.

प्रचाराच्या गाळ्यात सगळे सुतकी चेहऱ्याने बसले होते. काकांना कुणी काही विचारलं नव्हतं. तेच उभे राहिले. "जोडप्याला आणायचं माझ्यामुळे राहिलं. मी फुलीवाल्या आजींना आणायला गेलो होतो."

'मी' म्हणाले. 'आम्ही' नाही.

"मग त्यांच्याच गाळ्यात बसा की काका," कुणीतरी म्हणालं. "तिथं हार घालतील तुम्हाला." एकदोघे हसले. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. मी मोबाइलमध्ये डोकं खुपसलं होतं. त्या दिवशी खुर्चीची दुसरी बाजू माझ्या हातात होती, आणि मी तोंडातून ब्र काढला नाही. काकांनी पेन्सिल यादीवर ठेवली, चपला पायात घातल्या आणि ते गेले. त्यांना परत कुणी बोलावलं नाही.

पुढे महापालिकेची निवडणूकच कित्येक वर्षं झाली नाही. काका भाजीवाल्यापाशी भेटायचे. "जिने चढताय ना?" एवढंच विचारायचे. दर वेळी वाटायचं, आज बोलून टाकावं. दर वेळी मी कोथिंबिरीचा भाव विचारायचे. लाज वाटत होती, दुसरं काय!

अखेर निवडणूक लागली, बाई पुन्हा उभ्या राहिल्या आणि यादीचं काम माझ्याकडे आलं. चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यात काकांचीही चिठ्ठी निघाली. ते मागच्या उन्हाळ्यात गेले होते. यादीला पत्ता नव्हता.

त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. सुनेने दार उघडलं. बाकी चिठ्ठ्या तिच्या हातात दिल्या, ती एक मात्र हातून सुटेना.

"मला एक सांगायचंय," मी म्हटलं. "त्या आजींना आणलं ना, तेव्हा खुर्चीची दुसरी बाजू मी धरली होती. गाळ्यात मी गप्प बसले. त्यांना एकट्याला बोलणी खावी लागली."

"माहितीये," ती म्हणाली. "सांगितलं होतं बाबांनी."

"रागावले होते?"

"छे हो. म्हणाले, बोलली नाही ते बरं झालं. तिलाही घालवली असती. आता जिने चढणारी ती एकटीच उरलीय."

मी यादी उघडली आणि उगीचच पानं चाळत राहिले. त्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आजींचं नाव अजून होतं. सकाळीच मी त्यांना चिठ्ठी देऊन आले होते. अजूनही फुलीच.

"ती खुर्ची आहे का हो?" मी विचारलं.

सुनेने आतून आणून दिली. हाताची चीर काकांनी सुतळीने घट्ट बांधून घेतली होती.

खुर्ची घेऊन मी एकटीच जिना उतरले. रिकामी होती, काही जड नव्हती. तरी प्रत्येक मजल्यावर थांबले.