इंदुताईंनी न मारलेला शिक्का

रावेतच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एक प्रघात आहे. मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या सभासदाने त्या देशाविषयी व्याख्यान द्यायचे. संघाचा कार्यवाह या नात्याने मी अशी बरीच व्याख्याने ऐकली आहेत. रस्ते स्वच्छ, गाड्यांचे हॉर्न नाहीत, नळाचे पाणी थेट प्यावे, आणि शेवटी, "आपल्याकडे हे कधी होणार?" देश बदलला तरी व्याख्यान बदलत नसे.

इंदुताईंचा देश नेदरलँड्स. चिरंजीव सुजित हिंजवडीतून तिकडे बदलून गेलेला. आईला कायमचे घेऊन जावे आणि रावेतचा फ्लॅट विकावा, असा त्याचा बेत होता. गिऱ्हाईकही ठरले होते. आईला पोचवायला तोही रजेवर आला होता, आणि "आई तिकडे रमली," असे संघात प्रत्येकाला सांगत होता. इंदुताई मूळच्या बीडकडच्या. यजमान लवकर गेले. त्यानंतर भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला राहून, स्वतःच्या पगारावर त्यांनी हा फ्लॅट घेतला होता.

सभा वेळेवर सुरू झाली. सुजितने लॅपटॉपवरून फोटो लावला, आणि पडद्यावर ट्यूलिपच्या ताटव्यात उभ्या इंदुताई दिसल्या.

"चला ताई," अध्यक्ष मालोजीराव म्हणाले, "तिकडची शिस्त जरा आमच्याही कानांवर घाला."

"शिस्त मला कुठं भेटली, मालोजीराव? मला सुजितचं स्वयंपाकघर भेटलं."

सभागृहात हशा पिकला. इंदुताई हसल्या नाहीत.

"ही फुलं खरी आहेत. तिकीट काढून पाहिली. त्यावरून देश कसा सांगू? समोरच्या घरात एक म्हातारी होती. ती कुंड्यांना पाणी घालायची, मी हात हलवायचे, तीही हलवायची. तिला मुलं किती, भाजी महागली की ती कोणाच्या नावानं बोटं मोडते, मला काही ठाऊक नाही."

"पण माणसं प्रामाणिक ना?" मालोजीरावांनी सावरून घेतले. "सुजितच सांगत होता."

"सुजितच्या ओळखीची दोन घरं. दोन्ही नाशिकची."

पहिल्या रांगेतून सुजित हळूच म्हणाला, "आई, तू खूश होतीस तिथं. तूच म्हणालीस."

"होते. तू घरी असायचास तेवढा वेळ. तू कामावर गेलास की तो देश मी काचेतून बघायचे."

मालोजीरावांनी घड्याळाकडे पाहिले. इंदुताईंनी त्यांच्याकडे पाहिले नाही.

"कारखान्यात साहेब यायचे. म्हणायचे, बाई, ट्रक उभा आहे, मालावर ओकेचा शिक्का मारा. मी म्हणायचे, आधी पेटी उघडा. एकदा चिडून मला घरी बसवण्याची धमकी दिली. मी म्हटलं, बसवा. पण शिक्का न्यायचा तर हातातून ओढून न्या." त्यांनी पडद्याकडे बोट केले. "तो देश वाईट आहे असं मी म्हणत नाही. चांगला आहे, असंही म्हणणार नाही. मी तपासलेला नाही. न तपासलेल्या मालाच्या भरवशावर मी माझं घर विकणार नाही. सुजित, त्या गिऱ्हाइकाला आजच 'नाही' म्हणून कळव."

"आई, हे इथं बोलायचं का?"

"मी रमले, हे तू इथंच सांगितलंस ना? मग उत्तरही इथंच."

कोणी टाळी वाजवली नाही. मालोजीरावांनी आभारप्रदर्शनासाठी मला खूण केली. मी उभा राहिलो आणि म्हणालो की वक्त्यांचे भाषण अजून संपलेले नाही. प्रघाताला धरून नसेल, पण ते खरे होते.

सुजित लॅपटॉप मिटून व्हरांड्यात गेला. फोनवर त्याचा पडलेला आवाज आत ऐकू येत होता: "नाही काका, विकायचा नाही. हो, आईच नाही म्हणते."

तेवढे ऐकून होईपर्यंत इंदुताई माइकपाशी उभ्याच होत्या. मग त्यांनी पदर सारखा केला.

"पुढच्या वर्षी महिनाभर जाईन. त्या म्हातारीच्या दारावरची घंटा वाजवीन. तिनं आत घेतलं, तर येऊन सांगेन."

आणि त्या आपल्या खुर्चीवर जाऊन बसल्या.