पहिलं शील

मालनबाईला पंचशील पाठ नाही, असं मी महिनाभर समजत होतो. माझ्या बत्तीस वर्षांच्या मास्तरकीची हीच कमाई. समोरचा गप्प बसला की त्याला येत नाही, एवढंच मला कळायचं.

गोष्ट सत्त्याण्णव सालची, तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावातली. आम्हा बौद्धांच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने रोज दिवेलागणीला ग्रंथ वाचून त्याचा अर्थ सांगायचं काम माझ्याकडे होतं. आधी पंचशील. एकेक ओळ मी म्हणायची आणि मागून सगळ्यांनी. मालनबाई बायकांच्या रांगेत पांढऱ्या लुगड्यात हात जोडून बसायची. नवरा गेल्यापासून मजुरीवर घर ओढणारी ही बाई एक दिवस चुकवत नसे. पण पहिलं शील आलं की तिचे ओठ मिटायचे. पुढची चार मात्र खणखणीत.

मी पडलो शहाणा. तिच्यासाठी ती ओळ दोन-दोनदा, मोठ्यानं, तोडून तोडून म्हणू लागलो. बायका हसायच्या, ती मान खाली घालायची. आजही आठवलं की माझी मला लाज वाटते.

शेवटी एका संध्याकाळी ती पायरीवर थांबली. "गुरुजी, उद्यापासून मी यायची न्हाई."

"का हो? पाठ होईल की हळूहळू."

"पाठ हाय, गुरुजी. जीव घेणार न्हाई, असं म्हणायचं हितं. अन् दिवसभर मी काय करून राह्यले?"

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या साली कपाशीवरची बोंडअळी कोणत्याच औषधाला दाद देत नव्हती. पऱ्हाटीवरच्या अळ्या हातानं वेचून डब्यातल्या रॉकेलच्या पाण्यात टाकायच्या, एवढाच इलाज उरला होता. मालनबाई त्याच कामावर होती, आणि तेही माझ्याच दोन एकरांत.

मी लगेच अर्थ सांगायला लागलो. हेतू महत्त्वाचा, पीक वाचवण्यात द्वेष नसतो, वगैरे. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"बराबर असंल तुमचं. पण डब्यात ती वळवळती, ते पाह्यलंय का तुम्ही?"

पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन तिच्या शेजारच्या ओळीत उभा राहिलो. पहिली अळी चिमटीत धरली. मऊ, हिरवी. ती टाकताना मी डोळे मिटले. दुपारनंतर मिटेनासा झालो, आणि त्याचीच मला भीती वाटली.

त्या संध्याकाळी मालनबाई विहारात आली, बहुधा माझ्याचसाठी. मी हात जोडले, पहिलं शील आलं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. अडीच हजार वर्षांपूर्वीची एवढीशी ओळ. तिचा अर्थ मी किती वर्षं गावाला सांगत होतो! सगळे बघत राहिले. कोणी हसलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या रांगेतून मालनबाईनं ती ओळ म्हटली. एकटीनं, थांबत थांबत. मग तिच्यामागून सगळ्यांनी म्हटली. मीही म्हटली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "आज कसं म्हणालात?"

"दुपारी तुमचं तोंड पाह्यलं, गुरुजी," चपला शोधत ती म्हणाली. "काहीच वाटंना झालं की माणसाचं असं तोंड होतं. माझंबी झालं असंल. मंग वाटलं, पाळणं जमत न्हाई तरी रोज म्हणावं. निदान वाटत तर राहील."

सकाळी आम्ही दोघंही त्याच शेतात गेलो.